आयबीएस म्हणजे आतड्यांत साचलेला मळ नव्हे

घरोघरच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका मजकुराचं म्हणणं असं: आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे पोटदुखी, फुगणं, जुलाब किंवा बद्धकोष्ठता असा वारंवार होणारा त्रास) म्हणजे आतड्यांना वर्षानुवर्षं चिकटलेला मळ. रोज रात्री चूर्ण घ्या, सकाळी गव्हाचा कोंडा खा, चपाती कायमची बंद करा, तपासण्यांवर पैसे घालवू नका. २१ दिवसांत त्रास मुळासकट जाईल. हे वाचून लोक खरोखर चूर्णाचे डबे आणतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर.

‘चिकटलेला मळ.’ आतड्याचं आतलं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं आणि जुन्या पेशी गळून मळाबरोबर जातात. तिथे वर्षानुवर्षं काही चिकटून राहत नाही. आयबीएसमध्ये बिघडतो तो आतड्याच्या नसा आणि मेंदू यांचा ताळमेळ. इतरांना जाणवतही नाही एवढ्या गॅसने कळ येते. आतड्याची हालचाल कधी घाईची, कधी सुस्त होते. कित्येकांना हे जुलाबांच्या आजारानंतर सुरू होतं. कॅनडातल्या वॉकर्टन गावात २००० साली पिण्याचं पाणी दूषित झालं, तेव्हा आजारी पडलेल्यांपैकी अनेकांना पुढे काही वर्षं आयबीएस राहिला.

‘रोज रात्री चूर्ण.’ पोट साफ करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. ती मोठ्या आतड्याला आकुंचन पावायला लावते. ज्याला आधीच दिवसातून चार वेळा धावावं लागतं, त्याचा मुरडा तिने वाढतोच.

‘सकाळी कोंडा.’ गव्हाच्या कोंड्याने अनेकांचं पोट जास्त फुगतं. उपयोगी आहे ती इसबगोलाची भुशी: ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे घट्ट मळ मऊ होतो आणि पातळ मळ बांधला जातो. सुरुवात अर्ध्या चहाच्या चमच्याने करा, पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या आणि दर आठवड्याला अर्धा चमचा वाढवत दोन चमच्यांपर्यंत जा. पहिल्याच दिवशी दोन चमचे घेतले की गॅस होतो आणि लोक ती सोडून देतात. कोरडी किंवा घोटभर पाण्याबरोबर घेतली तर घशात अडकू शकते.

‘चपाती कायमची बंद.’ यात थोडं तथ्य आहे. गव्हातलं फ्रुक्टान (आपल्याला न पचणारं एक कर्बोदक) आतड्यात आंबतं आणि गॅस होतो. पण कांदा-लसणातही तेच असतं, म्हणून चपाती सोडून भाकरीबरोबर कांद्या-लसणाचा रस्सा ओरपणाऱ्याला फरक पडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने रूढ केलेल्या लो-फॉडमॅप (म्हणजे आतड्यात आंबणारी कर्बोदकं कमी करण्याच्या) पद्धतीत गहू, कांदा, लसूण, राजमा, छोले, दूध, सफरचंद, आंबा हे २ ते ६ आठवडेच थांबवतात. भात, ज्वारी-नाचणीची भाकरी, गाजर, काकडी, बटाटा, अंडी, मासे चालतात. नंतर एकच पदार्थ तीन दिवस वाढत्या प्रमाणात खाऊन पाहायचा, दोन-तीन दिवस थांबायचं, मग पुढचा. सोसेल तो जेवणात परत आणायचाच, कारण हेच पदार्थ आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचं खाद्य आहेत. हे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली केलेलं बरं. लसणाशिवाय जेवण जात नसेल तर अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाका. फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात नाही, त्यामुळे फोडणीला स्वाद राहतो. मात्र रश्श्यात उकळलेला लसूण मागाहून काढून काही साधत नाही.

‘२१ दिवसांत मुळासकट.’ आयबीएस आपसूकच कमीजास्त होतो. वाईट आठवड्यात घेतलेलं काहीही पुढच्या आठवड्यात गुणकारी वाटतं.

‘तपासण्या नकोत.’ हा सगळ्यांत घातक सल्ला. गहू बंद करण्याआधी सीलिअॅक आजाराची (यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते) टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर केली तर आजार असूनही ती नॉर्मल येऊ शकते. मळातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, यांपैकी एकही असेल तर आयबीएस गृहीत न धरता डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे आतड्यांचा क्षयरोगही अशाच पोटदुखीने सुरू होतो. त्यावर औषधं आहेत, पण उशीर झाला तर आतडं आकसून शस्त्रक्रियेची वेळ येते.