कालवांना उन्हाची 'सवय' आहे म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. कोकणातली कालवं आणि वाढता उन्हाळा या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. तुम्ही नाव दिलेलं नाही, तेव्हा नुसतं 'तुम्ही' म्हणतो. बाकीच्यांसाठी तुमचं पहिलं वाक्य जसंच्या तसं देतो: "पुण्यात पंख्याखाली बसून कालवांची काळजी करणाऱ्यांना एवढंही ठाऊक नाही, की कालवं पणजोबांच्या काळापासून उन्हात तापतायत, त्यांना सवय आहे." पुढे तुम्ही म्हणता की कॅनडातल्या उष्णतेत किनाऱ्यावरचे जीव मेले ते उदाहरण आपल्याकडे लागू नाही, तिसऱ्या (वाळूतले खाण्याचे शिंपले) खडकावर नसतात आणि खाडीचं खरं मरण रेतीउपशात आणि सांडपाण्यात आहे.

तिसऱ्यांचं मान्य. त्या वाळूत, चिखलात पुरलेल्या असतात, वरचा थर त्यांना उन्हापासून आडोसा देतो. त्यांना कालवांच्या पंगतीत बसवलं ही माझी चूक.

आता पंख्याचं. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या घरात वाढलो. आई सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कालवं काढायला जायची आणि मी डबा धरून तिच्या मागे. चिखलात चपला रुतायच्या म्हणून अनवाणीच जायचो, आणि वैशाखात कातळावर पाय टेकवत नसे. कालवाच्या शिंपल्याची धार लागून फाटलेल्या टाचेची खूण अजून आहे. हे मिरवायची मला हौस नाही. पण माणूस राहतो कुठे यावरून त्याला कळतं किती हे ठरवायच्या पद्धतीचा मला मनस्वी राग येतो. पोटासाठी कोकणातली घरंच्या घरं मुंबई-पुण्याला गेली. त्या सगळ्यांनी खाडीबद्दल तोंड उघडायचं नाही का? आणि दुसऱ्याच्या घरातल्या पंख्याचा विषय काढायचा तर खाली स्वतःचं नाव लिहायची तरी रीत पाळावी.

'सवय' हा शब्द तुम्ही इतक्या सहज वापरलात, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. पाणी उतरलं की कालव शिंपले घट्ट मिटून घेतं. आत जेवढं पाणी कोंडलं तेवढंच. खाणं बंद, आणि ताजा प्राणवायूही जवळपास बंद. मग ते प्राणवायूशिवाय जेमतेम शक्ती काढतं, आत आम्ल साठत जातं, आणि ते आम्ल मारायला स्वतःच्याच शिंपल्यातला चुना विरघळवतं. उन्हानं शरीरातली प्रथिनं विस्कटतात, ती सावरायला वेगळी प्रथिनं तयार करावी लागतात. पॅसिफिक कालवाचा जनुकसंच २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या सावरणाऱ्या प्रथिनांच्या एकाच घराण्याची ८८ जनुकं त्यात सापडली, माणसात ती सतराच्या आसपास आहेत. तुम्ही म्हणता ती सवय म्हणजे हे. पण ती फुकट मिळत नाही. तिच्यावर जी शक्ती खर्च होते ती वाढीतून आणि पिलावळीतून वजा होते.

शिवाय जो प्राणी आधीच सोसण्याच्या टोकाला येऊन राहिलाय, त्याला पुढे सरकायला जागा उरत नाही. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या पोर्सेलिन खेकड्यांवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं: सगळ्यात जास्त उष्णता सोसणाऱ्या जातींनाच ती मर्यादा आणखी वाढवणं सगळ्यात कमी जमत होतं. म्हणजे ज्याला सवय जास्त, त्याची काळजी जास्त.

हे आईला कुठल्याही अभ्यासाशिवाय माहीत होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानानं निघते, हे खाडीवरचे असाल तर तुम्हालाही ठाऊक असेल. अमावास्या-पौर्णिमेला भरती अकरा-बाराला, म्हणजे उधाणाची मोठी सुकती सकाळी आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला, ऊन कलल्यावर. अष्टमीला उलटं, भरती सहाला आणि सुकती भर बाराला. भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या लहान भरती-ओहोटीचं, पाणी फार खाली जात नाही, म्हणून खालची कालवं भिजलेली राहतात, पण वरच्या कातळावरची ऐन उन्हात उघडी पडतात. वैशाखातल्या अष्टमी-नवमीनंतर आई त्या वरच्या कातळाला हात लावत नसे. शिंपला किंचित उघडा दिसला की ती बोटानं टिचकी मारायची. मिटला तर जिवंत, नाहीतर गेलेलं. काही दिवशी ओळीनं टिचक्या मारत जायची आणि एकही मिटायचा नाही. तेव्हाही त्यांना सवय होतीच की.

कॅनडाचं म्हणाल, तर तिथली शिनाणेही (खडकाला चिकटलेले काळे शिंपले) दर उन्हाळ्यात दुपारच्या ओहोटीला उघडी पडतात. जून २०२१ च्या अखेरीला ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला. त्याच दिवसांत ओहोटी दुपारी होती, आणि व्हँकुव्हरजवळच्या किनाऱ्यावरच्या खडकांचा पृष्ठभाग ५० अंशांच्या वर तापला. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक क्रिस हार्ली यांच्या अंदाजानं त्या समुद्रकाठी शंभर कोटींहून जास्त जीव मेले. आपल्याकडे उधाणाची सुकती दुपारी येत नाही, हे आपलं नशीब. वरच्या कातळाला ते नशीब नाही, एवढंच मी लिहिलं होतं. नीट वाचलं असतंत तर दिसलं असतं.

रेतीउपसा आणि सांडपाण्याबद्दल वाद नाही, पण तो वेगळा विषय आहे आणि माझा लेख उन्हाबद्दल होता. उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचं पृष्ठभागाचं तापमान १९५१ ते २०१५ या काळात सरासरी एक अंशानं वाढलं, हे केंद्र सरकारच्या २०२० च्या अहवालात आहे. तो अहवाल करणारी हवामानशास्त्र संस्थाही पुण्यातच, पाषाणला आहे. त्यांनाही पंख्याखाली बसल्याचं सुनवायचं का?

तिसऱ्यांचं वाक्य रात्रीच दुरुस्त केलं आहे. तुमची प्रतिक्रिया मात्र एक अक्षरही न काढता आहे तशी ठेवली आहे. पुन्हा लिहाल तेव्हा गाव कुठलं तेवढं कळवा. त्या बाजूच्या कातळावर यंदाच्या वैशाखात अष्टमीला काय दिसलं, ते मला खरंच ऐकायचं आहे.