वेळेची किंमत शून्य? घरच्या धुण्याच्या पावडरीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

धुण्याची पावडर घरी कशी करते, हे मी मागच्या लेखात लिहिलं होतं. एक किलो तेलाचा साबण किसायचा, रात्रभर पंख्याखाली सुकवायचा, त्यात एक किलो धुण्याचा सोडा मिसळायचा. त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. उत्तर लांबलं, म्हणून वेगळं लिहिते आहे. प्रतिक्रिया अशी:

“ताई, साबण किसून सोडा घातला की डिटर्जंट होत नाही. साबणाचा साका कपड्यांत बसतो, मशीनचा ड्रम खराब होतो. एन्झाइम नाहीत, त्यामुळे डाग निघत नाहीत. आणि बचतीचा हिशोब तुमच्या वेळेची किंमत शून्य धरली तरच जमतो. रिकामा वेळ असलेल्यांचे हे छंद. लोकांना चुकीचं शिकवू नका.”

नमस्कार दादा. तुम्ही ताई म्हणालात, म्हणून मीही दादा म्हणते. पण ताई म्हणून सुरुवात करायची आणि चार वाक्यांत तिला रिकामटेकडी ठरवायचं, ही रीत मला आवडली नाही. त्याच लेखाखाली एका काकूंनी टॉवेल कडक होतात अशी तक्रार केली होती. त्यांना मी शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालायला सांगितलं आणि विषय तिथे संपला. तक्रार त्यांचीही होती आणि तुमचीही आहे, पण त्यांना उत्तर हवं होतं. तुम्हाला काय हवं होतं ते मला प्रतिक्रिया पुन्हा वाचूनही कळलं नाही.

तुमचं बरोबर असेल ते आधी मान्य करते. साबण आणि डिटर्जंट वेगळे, हे खरं. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबण त्यांच्याशी जुळून न विरघळणारा चिकट साका तयार होतो, आणि तो कपड्याच्या धाग्यात बसतो. ठाण्यात घोडबंदर रोडला ज्या सोसायट्या टँकरवर आहेत, किंवा जिथे बोअरवेलचं पाणी टाकीत सोडतात, त्यांनी माझी पावडर जपून वापरावी. एवढं मान्य.

आता आमच्याकडचं पाणी बघा. नवी मुंबई महापालिकेचं पाणी मुख्यतः मोरबे धरणाचं, खालापूरकडचं. ठाण्यात बरंचसं भातसा धरणाचं येतं. हे धरणात साठलेलं पावसाचं पाणी आहे. जमिनीत खोल मुरून क्षार घेऊन वर आलेलं नाही. या पाण्यात साबणाला फेस किती लवकर येतो हे इथल्या कुठल्याही घरात बादलीत हात घातला तरी कळतं. शिवाय सोडा पावडरीत नुसता वजन वाढवायला घातलेला नाही. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, ते पाण्यातला कॅल्शियम आधीच बाजूला काढतं, मग साबणाला कपड्यावर काम करायला मिळतं. म्हणून तर मी लिहिलं होतं की पावडर आधी तांब्याभर गरम पाण्यात विरघळवून घ्या, कोरडी टाकू नका. हे तुम्ही वाचलंत का? वाचलं असतंत तर ड्रमबद्दल तुम्ही ते लिहिलं नसतं असं मला वाटतं. आमचं मशीन व्यवस्थित चालू आहे, त्यावर अजून बोलत नाही.

एन्झाइमचं एका वाक्यात सांगते. एन्झाइम प्रथिनं, पिठूळ पदार्थ आणि चरबी तोडतात, आणि आमच्या घरातला सगळ्यात हट्टी डाग हळदीचा असतो, त्याला त्यांचा उपयोग नाही. हळदीच्या डागाचं पुढे येईलच.

आणि ‘लोकांना चुकीचं शिकवू नका’ म्हणता, तर लेखात मी हेही लिहिलं होतं की रेशमी साडी आणि लोकर या पावडरीत घालू नका, सोड्याने ते धागे खराब होतात, त्यांना रिठ्याचं पाणीच वापरा. सोडा कालवताना हातमोजे घाला, हेही लिहिलं होतं. चुकीचं शिकवणारी बाई इतकं सांभाळून लिहीत नाही.

आता वेळेकडे येते. हे उत्तर लिहायला बसले ती त्या एका वाक्यामुळेच.

‘तुमच्या वेळेची किंमत शून्य धरली तरच.’ दादा, हे वाक्य बायकांनी जन्मभर ऐकलेलं असतं, पण उलट्या बाजूने. सकाळी पाण्याची वेळ सांभाळताना, सासूबाईंना दवाखान्यात घेऊन जाताना, गॅसवाल्याची वाट बघत घरी थांबताना आमच्या वेळेची किंमत कुणी काढत नाही. तेव्हा तो वेळ फुकटच असतो. आम्ही त्याच वेळातून चार पैसे वाचवले आणि ते लिहून दाखवले, की लगेच कुणीतरी येऊन आमच्या वेळेला मोल लावायला सांगतो. हे मोल तुम्हाला आजच का आठवलं?

बरं, लावूया मोल. आम्ही घरात पाच माणसं, मशीन रोज लागतं. विकतची मशीनची पावडर महिन्याला तीन किलो तरी संपायची, आणि नावाजलेली घ्यायची तर किलोला दोनशेच्या पुढेच जाते. म्हणजे सहाशे रुपये धरा. मी घेते त्या तेलाच्या साबणाचा किलोचा भाव ऐंशीच्या घरात, सुट्या सोड्याचा सत्तर. घरची पावडर किलोला पंचाहत्तर पडली, तीन किलोला सव्वादोनशे. महिन्याला पावणेचारशे उरतात, वर्षाला साडेचार हजार. किसायला, मिसळायला, डबे भरायला महिन्यातून तासभर जातो. सुकायला लागणारी रात्र माझी नाही, पंख्याची आहे. म्हणजे त्या एका तासाचे मला पावणेचारशे रुपये मिळाले. सीबीडी बेलापूरच्या ऑफिसात मी दिवसभर काम करते, तिथे तासाला एवढे पडत नाहीत, आणि तिथला जास्तीचा तास कुणी विकत घेत नाही. सहा वाजता संगणक बंद केला की त्या दिवसाची कमाई संपली. रविवारच्या दुपारचा तो तास मी बाजारात कुणाला विकणार होते, तेही सांगा. तो विकला जाणार नसेल तर त्याचा भाव कुठल्या पुस्तकातून काढायचा?

रिकामा वेळ म्हणालात. मी कोपरखैरणेहून रोज बेलापूरला जाते, ट्रान्स-हार्बरची सकाळची गाडी तुम्हाला माहीत असेल. माझ्याकडे रिकामा वेळ नाही. वेळ मी काढते.

आणि हे मी व्हिडिओ बघून शिकले असं तुम्हाला वाटत असेल, तर तेही ऐका. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वाशीच्या मसाला मार्केटात माथाडी, म्हणजे ओझी वाहणारे कामगार, होते. मूळचे पाटण तालुक्यातले. १९६९ चा माथाडी कायदा झाला म्हणून त्यांच्या पिढीला माथाडी बोर्डातून पगार मिळाला, फंड मिळाला, घर मिळालं, हे मी कधी विसरणार नाही. पण काम वजनावर असायचं. मालाची आवक कमी झाली की टोळीच्या वाटणीला कमी येणार आणि त्या महिन्यात घरात कमी येणार. अण्णा घरी यायचे ते हळदीने आणि मिरचीने माखून. हळदीच्या गोण्या पाठीवरून वाहिल्यावर बनियनचा रंग काय होतो ते ज्याने धुतलंय त्यालाच ठाऊक.

आई तेलाचा साबण किसून सोड्याच्या गरम पाण्यात कपडे भिजवायची. साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो. हळदीतला रंग साबण-सोड्यासारख्या अल्कलीत तांबडा दिसतो, नवीन माणूस ते बघून घाबरतो. आई घाबरायची नाही. चोळून, पिळून ते बनियन कडक उन्हात टाकायची, कारण हळदीचा रंग उन्हात उडतो. दोन उन्हांत डाग फिका, तीन उन्हांत दिसेनासा. आईचं शिक्षण सातवी. तिने अल्कली हा शब्द ऐकला नव्हता, पण काय केल्याने काय होतं ते तिला तुमच्यापेक्षा जास्त कळत होतं. हे मी रागाने लिहीत असेन, पण विचार करून लिहिते आहे.

शेजारणी विकतच्या पावडरीची पाकिटं आणायच्या तेव्हा आई मसाला मार्केटातूनच अण्णांकडून रिठे मागवायची आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटा सोडा आणायची. उरलेले पैसे गव्हाच्या डब्यात जायचे. माझ्या टायपिंगच्या क्लासची फी त्या डब्यातून गेली. भावाची दहावीची पुस्तकं त्यातून आली. टायपिंग आलं म्हणून मला पहिली नोकरी लागली. तेव्हा आईच्या त्या वेळेची किंमत शून्य होती असं म्हणणाऱ्या माणसाशी मी शांतपणे बोलू शकत नाही, आणि बोलायची इच्छाही नाही.

करसनभाई पटेलांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. स्वतः रसायनशास्त्र शिकलेले, सरकारी नोकरीत. १९६९ मध्ये अहमदाबादला घराच्या मागच्या अंगणात त्यांनी पावडर करायला घेतली आणि नोकरी सांभाळून सायकलवरून दारोदार विकली. तीच निरमा. त्यांची पावडर डिटर्जंट होती, माझी साबणाची आहे, हा फरक मला कळतो, तो परत समजावू नका. मी सांगते ते वेळेचं. नोकरीनंतरचा वेळ त्यांनी अंगणात घालवला त्याला सगळे उद्योजकता म्हणतात. तोच वेळ मी बाल्कनीत घालवला तर तो रिकाम्या बाईचा छंद होतो. हे कसं, ते तुम्ही सांगा.

प्रतिक्रियेतलं बाकीचं मी सोडून देते.

तुम्ही ठाण्यात की नवी मुंबईत, तुमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी की टँकरचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. साका खरंच बसतो का ते बघायचं असेल तर झाकणाची काचेची बाटली घ्या, अर्धी नळाच्या पाण्याने भरा, चिमूटभर साबणाचा कीस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी निवळ राहिलं तर पावडर चालेल. फेस बसला आणि पाण्यात पांढरे कण दिसले तर पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, आहे. मग पावडरीत सोडा दीडपट घ्या, कपडे दोनदा खळबळा, नाहीतर सरळ विकतचीच वापरा. जे दिसेल ते पाणी कुठलं त्यासकट इथे लिहा. तुमच्या नावानिशी ते मी मूळ लेखात जोडेन, माझ्याविरुद्ध गेलं तरी जोडेन. वेळेच्या किमतीचं वाक्य मात्र पुन्हा लिहिलंत तर ती प्रतिक्रिया काढून टाकणार आहे, हे आधीच सांगते.