ते सर नागपूरचे होते

परवाच्या भिशीत चिठ्ठी निघाली, खाणं झालं आणि चहा येईपर्यंत सिनेमांवर गाडी घसरली. कोणीतरी 'साबर बोंडं' या दोन पुरुषांच्या प्रेमावरच्या मराठी सिनेमाचं नाव काढलं. एक मैत्रीण पटकन म्हणाली, "हे सगळं मुंबई-पुण्याचं फॅड गं. आपल्याकडे नसतात असले लोक." तीन-चार जणींनी माना डोलावल्या.

ही बाई वाईट नाही. माझ्या ऑपरेशननंतर आठ दिवस दोन्ही वेळचा डबा तिनं पोचवला होता. म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागलं.

मी विचारलं, "अलीगढ पाहिला होतास ना?"

"मनोज वाजपेयीचा? हो. लय वाईट वाटलं त्या सरांचं."

"ते सर नागपूरचे होते."

कोणीच काही बोललं नाही. खरं सांगते, सातजणींपैकी एकीलाही हे ठाऊक नव्हतं.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस. 'अलीगढ' सिनेमा त्यांच्यावरच आहे. मूळचे आपल्या नागपूरचे, शिकलेही इथेच. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे. फेब्रुवारी 2010 मध्ये ते एका पुरुषासोबत असताना काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, आणि कारवाई झाली ती सरांवरच. त्यांना निलंबित केलं. तेव्हा तर दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालानं असे संबंध गुन्हाही राहिले नव्हते. सर कोर्टात गेले. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाचा आदेश त्यांच्या बाजूनं लागला आणि 7 एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. निवृत्ती अगदी तोंडावर आली होती.

तो सिनेमा मी 2016 साली सीताबर्डीला पाहिला. मागच्या रांगेत कॉलेजची पोरं होती. पहिला अर्धा तास खिदळणं सुरू होतं, मध्येच एक शिट्टीही आली. मग तो प्रसंग आला. सर एकटेच खुर्चीत बसलेत, हातात ग्लास, लताबाईंचं गाणं लागलंय, डोळे मिटलेले आणि ते सुरात सूर मिसळू पाहताहेत. कॅमेरा हलतच नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. मागचं हसणं हळूहळू विरलं. मला तेव्हा माझे काका आठवले. रात्री जेवण आटोपलं की रेडिओजवळ असेच बसायचे. एकटेपण इतक्या जवळून दिसलं की कोणालाच हसू येत नाही.

पण एक गोष्ट मला तेव्हापासून खटकते. समलिंगी माणूस पडद्यावर मेला की आपल्याला वाईट वाटतं. त्यानं हसवलं तरी चालतं. तो आपल्यासारखाच जगायला लागला, घर मागायला लागला, की "हे जरा अतीच होतंय" सुरू होतं.

'शुभ मंगल ज्यादा सावधान' आला त्या वर्षीची गोष्ट. घरी सगळे जमलो होतो, टीव्हीवर सिनेमा लागला होता. मला तो गोंगाटाचा वाटला, पण घरातले पोट धरून हसत होते. मध्येच आमच्यातले एक वडीलधारे म्हणाले, "आपल्या पोरानं असं काही केलं असतं ना, तंगडी तोडून हातात दिली असती." खाली सतरंजीवर घरातली पाच पोरं बसली होती, चौदा ते बावीस वयाची. पाचही हसली. कोणाचं हसू खरं होतं आणि कोणी नुसतं सगळ्यांसोबत हसून घेतलं, हे मला कसं कळावं? कोणी काही सांगणार असलंच, तर त्या संध्याकाळी ते गिळून टाकलं असेल. आणि मी तिथेच बसून होते. काही बोलले नाही, याची मला आजही लाज वाटते.

"असले सिनेमे पाहून संसार मोडतात" हेही मत भिशीत आलंच. त्यांना मी 'काथल'ची गोष्ट सांगितली. 2023 चा मल्याळम सिनेमा. मामुट्टीसारखा एवढा मोठा नट त्यात आहे. गावातला सज्जन माणूस पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहतो आणि नेमकी तेव्हाच त्याची बायको घटस्फोट मागते. नवरा समलिंगी आहे आणि वीस वर्षं तिनं हे सोसलंय. ज्योतिकानं ती ओमना इतक्या शांतपणे केली आहे, की तिचा राग शोधावा लागतो. तो संसार सिनेमानं नाही मोडला. "लग्न करून टाक, सगळं ठीक होईल" म्हणणाऱ्यांनी तो उभाच चुकीचा केला होता.

हा सिनेमा पाहून एका बाईचा मला फोन आला होता. कोण, कुठली, ते लिहीत नाही. तिनं लिही म्हटलं म्हणून एवढंच लिहिते. ती म्हणाली, "ताई, तिनं निदान कोर्टात मागितलं तरी. मले तर मायच्या घरी बी कोणी ऐकून नाही घेऊन राहिलं." नवऱ्याबद्दल एक वाईट शब्द तिनं काढला नाही. म्हणाली, "तो बी फसलाच ना."

आता 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडे यांचा सिनेमा, 2025 च्या अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला परदेशी कथापटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. सप्टेंबरात मी लेकीकडे पुण्याला होते, तिथे पाहिला. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेला आनंद, त्याचा लहानपणचा दोस्त बाळ्या, सुतकाचे नियम आणि वर "लग्न कधी?" विचारणारे नातेवाईक. पार्श्वसंगीत नाहीच. कोणी ओरडत नाही, कोणी मरत नाही. आनंदच्या आईला सगळं ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूनं उभी आहे. निवडुंगाची फळं काटे काढून खायला देणं, एवढ्यात प्रेम दिसतं. शेजारी एक आजी बसल्या होत्या. मध्यंतरात मला म्हणाल्या, "पोरगा बापाचं सगळं नीट करतोय हो." समलिंगी वगैरे शब्दही त्यांच्या तोंडी आला नाही. एवढ्या मतांत मला हे एकच मत पटलं.

आणि मराठीला हे काही नवं नाही. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे समलिंगी मुलीवरचं नाटक 1981 साली रंगभूमीवर आलं होतं. "आपल्याकडे नसतात" म्हणायला आपल्याला उशीरच झालाय.

भिशीहून निघताना त्या मैत्रिणीनं चपला घालता घालता विचारलं, "ते सर कविता करायचे का गं? सिनेमात तसं होतं." हो, करायचे. 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा संग्रह, त्याला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कारही मिळाला होता. तिला वाचायचा आहे. मलाही.

दोन दुकानांत विचारून झालं, मिळाला नाही. नागपुरात कोणाच्या कपाटात प्रत असेल तर मेसेज करा. मी स्वतः येऊन नेईन, आणि आम्ही दोघींनी वाचून झाली की आणूनही देईन.