सुईबी मनाकडेच पाही राह्यनी!

माणसाने डोंगरात जाऊन निमूट सत्तेचाळीसपर्यंत मोजावं, आणि अठ्ठेचाळीस म्हणायच्या आत बांधावरून आवाज यावा, "काय मोजी राह्यनात भाऊ?" झालं. सत्तेचाळीस होते की चौऱ्याहत्तर, देवाला ठाऊक.

धुळ्याजवळ लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी नकाशा आणि होकायंत्राचा सराव चालला होता. खानदेशात हे काम हिवाळ्यातच करावं. गवत वाळलेलं असतं, झाडी विरळ होते, सोंडा आणि घळी उघड्या दिसतात. वेळेचा हिशेब घरीच मांडायचा. ६ किलोमीटर चाल आणि २५० मीटर चढ असेल, तर नाइस्मिथच्या १८९२ सालच्या नियमाने ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्तीचा. म्हणजे ७२ अधिक २५, एकूण ९७ मिनिटं. नाइस्मिथ स्कॉटलंडचा, त्याच्या धोतराला कधी बाभूळ अडकली नव्हती. आपण दीडपट धरावं आणि साडेचारला खाली असावं, कारण डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारायला लागतं.

नकाशा १:५०,००० चा, दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटर उंचीच्या अंतराने, आणि गोम इथेच आहे. आपले डोंगर बेसाल्टचे, पायऱ्यापायऱ्यांचे. १५ मीटरचा उभा कडा दोन रेषांच्या मधे गुपचूप बसतो. कागदावर सोपी सोंड, पायाखाली हवा!

म्हणून पावलं मोजायची. फक्त डावा पाय मोजायचा. सपाटीवर टेपने १०० मीटर आखून तीनदा चालायचं आणि सरासरी काढायची; बहुतेकांची ६० ते ६५ भरते. चढावर तीच ऐंशीच्या घरात जाते. दर शंभर मीटरला एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. याला शांतता लागते, आणि खानदेशात हिवाळा म्हणजे भरीत पार्ट्या. मळ्यामळ्यात कापसाच्या काड्यांवर वांगी, आणि शेजारी वांग्यांनाही ऐकू जाईल एवढा स्पीकर. वांग्याशी माझं भांडण नाही.

तर बांधावरचा तो आवाज आप्पांचा. डोक्याला रुमाल, खांद्यावर कुऱ्हाड.

"काही नाही आप्पा, पावलं मोजतोय."

"मोजणीवाला शेतस ना तुमी?"

"नाही हो. नुसता सराव."

"सरकारी मानूस असंच सांगस," आप्पा समजूतदारपणे म्हणाले, आणि बांध दाखवू लागले. शेजाऱ्याने तो दरवर्षी नांगराने कोरला होता. कोपऱ्यातला दगड, दगडाजवळचा निंब, निंबाखाली बसून वडलांनी काय सांगितलं, सगळं ऐकलं. मी होकायंत्र तळहातावर सपाट धरून आपली दिशा पुन्हा लावत होतो. सोपं असतं: चकती फिरवून ठेवलेली, आपण फिरायचं, सुई चौकटीत बसली की बाण सांगेल तिकडे चालायचं. खानदेशात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशाचाही फरक नाही, तेवढी एक कटकट वाचते. पण पाच अंश चुकलात तर किलोमीटरभरात ८७ मीटर बाजूला जाता, म्हणजे खिंडीऐवजी कड्यावर. मोबाईल, कडं, कुलूपकिल्ली, काहीही लोखंडी जवळ नको.

आप्पा बघायला वाकले. कुऱ्हाडीचं पातं वीतभर अंतरावर आलं आणि सुई डोलत डोलत वळली.

"देखा! सुईबी मनाकडेच पाही राह्यनी!"

सुई म्हणे त्यांच्याकडेच बघतेय! मी कुऱ्हाड, लोखंड, चुंबक सगळं समजावलं. आप्पांना न्याय मिळाला होता, त्यांना विज्ञान नको होतं. खरं सांगायचं तर राग त्यांच्यावर धरताही येत नाही. मोजणीचा अर्ज करून माणूस इतक्या तारखा बघतो, की हातात गोल चकती असलेला कोणीही त्याला साहेब वाटतो. पण त्याचा भुर्दंड माझ्या सत्तेचाळीस पावलांनी का भरावा?

मोजणी चुकली तर अंदाजाने पुढे जायचं नसतं. शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे यायचं. माझी खूण ओढ्यावरची मोरी. तिथे गेलो, खडे परत डाव्या खिशात टाकले, एकपासून सुरुवात केली. त्रेचाळीसला बांध आला. आप्पा तिथेच होते, आणि आता शेजाऱ्यालाही बोलावून आणलं होतं.

शेजाऱ्याच्या खांद्यावर पहार होती.