‘भरलेली ठेवा, पण वर ठेवा’ : घरातल्या बंदुकीबद्दलचा एक फिरता सल्ला

भात पोटरीला आलं की कोकणात रानडुकरांचा उपद्रव वाढतो, शेतीसंरक्षण परवान्याच्या बंदुका बाहेर निघतात आणि फोनवर हा मजकूर पुन्हा फिरू लागतो:

‘परवान्याची बंदूक लपवू नका. पोरांना लहानपणीच दाखवा, हातात द्या, कुतूहल मरतं. बंदूक कायम भरलेली ठेवा, वेळेला काडतुसं शोधत कोण बसणार? सेफ्टी लावा आणि कपाटावर ठेवा, पोरांचा हात पोचत नाही. ठासणीची असेल तर टोपी काढली की झालं. बापजाद्यांच्या घरात बंदुका खुंटीलाच होत्या, कुणाला काय झालं?’

वाचायला ठसकेबाज आहे. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि ज्या घरात चार-पाच वर्षांचं पोर आहे तिथे जिवावर बेतणारं आहे. एकेक वाक्य घेऊ, मात्र त्यांच्या क्रमाने नाही. जास्त घातक आधी.

‘कायम भरलेली ठेवा’

डुक्कर शेतात येतं, माजघरात येत नाही. मग घरात भरलेली बंदूक कुणासाठी? बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, भरायला किती वेळ लागतो ते बघा: वरची कळ अंगठ्याने बाजूला, नळी मोडून (म्हणजे बिजागरीवर वाकवून) खाली, दोन काडतुसं आत, नळी बंद. काही सेकंदांचं काम. ते बांधावर उभं राहून करायचं, ओटीवर नाही. घरापासून शेतापर्यंत बंदूक मोडलेलीच न्यायची, म्हणजे कुणीही लांबूनच बघून सांगू शकेल की ती रिकामी आहे.

परत येताना चुका जास्त होतात. पहाटेचे तीन वाजलेले, माणूस पेंगुळलेला, चिखलाने माखलेला. बंदूक कोपऱ्यात टेकते आणि ‘सकाळी काढू’ म्हणत काडतुसं आतच राहतात. सकाळी सगळ्यांत आधी उठतं ते लहान मूल. म्हणून रिकामी करायची ती शेत सोडण्याआधीच. नळी मोडायची, काडतुसं काढायची आणि नळीतून बॅटरीचा उजेड पाहायचा. पलीकडे स्वच्छ गोल दिसला पाहिजे. या तपासणीचा दुसराही फायदा आहे. खुंटीला टांगलेल्या बंदुकीच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते, आणि तसाच बार काढला तर नळी फुटते. शेवटी मोजणी: पाच नेली, दोन उडवली, तर तीन शाबूत आणि दोन रिकामी पुंगळी हातात आली पाहिजेत. एक कमी भरलं तर ते पोराला अंगणात सापडण्याआधी आपल्याला सापडायला हवं. शाबूत काडतूस बंदुकीशिवायही धोक्याचं असतं. दगडाने ठेचलं किंवा चुलीत पडलं तर फुटतं आणि पितळेचे तुकडे डोळ्यात जातात.

शहरात .३२चं पिस्तूल बाळगणाऱ्यांसाठी क्रम महत्त्वाचा आहे. आधी मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या घरातली, गोळी बाहेर काढायची, मग डोळ्याने आणि करंगळीने चेंबर तपासायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझिन आत असतानाच स्लाइड ओढली, तर एक गोळी बाहेर पडते आणि स्लाइड पुढे जाताना दुसरी आत जाऊन बसते. बाहेर पडलेली गोळी पाहून माणूस निर्धास्त होतो आणि पिस्तूल भरलेलंच राहतं.

‘ठासणीची असेल तर टोपी काढली की झालं’

ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची जुन्या पद्धतीची बंदूक. हे वाक्य सगळ्यांत फसवं, कारण अर्धं खरं आहे. निपलवरची, म्हणजे नळीच्या मागच्या बारीक भोकाच्या बोंडावरची, ठिणगी पाडणारी टोपी काढली की बार लगेच उडणार नाही. पण दारू, गच्च ठोकलेला बोळा आणि छर्रे नळीच्या तळाशी तसेच बसलेले असतात, पुढचे कित्येक महिने. टोप्यांची डबी बहुतेक घरांत त्याच कोनाड्यात असते. टोपी बसवायला कौशल्य लागत नाही, बोटभर पोरही ती पेनाच्या टोपणासारखी दाबून बसवतं. म्हणजे टोपी काढलेली ठासणीची बंदूक ही भरलेलीच बंदूक असते.

बाहेरून पाहून ती भरलेली आहे की नाही ते कळत नाही. कळण्याचा उपाय साधा आहे. नळी नक्की रिकामी आणि धुतलेली असताना गज (दारू ठासायची लांब काठी) तळापर्यंत सोडायचा आणि नळीच्या तोंडाशी गजावर करवतीने खूण करायची. पुढे कधीही शंका आली तर गज सोडून बघायचा. खूण नळीच्या तोंडाच्या वर राहिली तर आत माल आहे. हे करताना टोपी काढलेली हवी आणि आपला चेहरा नळीच्या रेषेत येता कामा नये.

रिकामी करायची सोपी रीत म्हणजे शेत सोडण्यापूर्वी मातीच्या बांधात बार काढून टाकणं. ते जमलं नाही, तर निपल पान्याने काढायचं आणि त्या भोकातून तेलाच्या कुपीने पाणी सोडायचं. तोंडाकडून ओतलेलं पाणी बोळ्यावरच अडतं, दारूपर्यंत जात नाही. दारू पूर्ण भिजली की गजाच्या टोकाला बसणाऱ्या स्क्रूच्या आकड्याने बोळा पिळून ओढायचा, छर्रे ओतून घ्यायचे, गरम पाण्याने नळी धुऊन, वाळवून तेल द्यायचं. काळ्या दारूची राख ओल धरते आणि एका पावसाळ्यात नळी खाते. कोरड्या दारूवर आकडा फिरवायचा नाही, ठोकाठोकी करायची नाही. हात बसलेला नसेल तर हे काम परवाना असलेल्या कारागिराकडेच द्यावं.

दारूचा डबा चूल, देव्हाऱ्यातली समई आणि मुलं या तिन्हींपासून लांब हवा, आणि टोप्यांची डबी दारूपासूनही लांब, दुसऱ्या कुलपात.

‘सेफ्टी लावा’

बहुतेक दुनळी बंदुकांत सेफ्टी फक्त चाप (ट्रिगर) अडवते. घोडे, म्हणजे बार उडवणारे हातोडे, आतल्या आत ताणलेलेच राहतात, आणि झिजलेल्या बंदुकीला उंचावरून पडल्याचा दणका बसला तर खटका सुटू शकतो. बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुकांना सेफ्टीच नसते, असते ती घोड्याची अर्ध्यावरची खाच, आणि पन्नास वर्षांत ती खाच गुळगुळीत होते. शिवाय सेफ्टी म्हणजे दस्त्याच्या (खांद्याला लावायच्या लाकडी भागाच्या) मानेवरचं एक सरकबटण. बाबांनी ते पुढे ढकललेलं ज्या पोराने एकदा पाहिलं, त्याला दुसऱ्यांदा शिकवावं लागत नाही.

‘पोरांचा हात पोचत नाही’

हात पोचत नाही, स्टूल पोचतं. आणि ज्या पोराला लाडवाचा डबा सापडतो, त्याला हेही सापडतं. अमेरिकेतल्या अलाबामाच्या ग्रामीण भागात, बंदुका असलेल्या घरांत पाच ते चौदा वर्षांच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना वेगवेगळं विचारलं गेलं. अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ‘बंदूक कुठे असते ते आमच्या मुलाला ठाऊक नाही’ म्हणणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी जागा ठाऊक असल्याचं सांगितलं. ‘त्याने कधी हात लावलेला नाही’ म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांच्या मुलांनी हात लावलेला होता.

‘चिमुकल्या बोटांत चाप ओढायची ताकद कुठे?’ हा याचाच जोडप्रश्न. १९९५च्या एका अमेरिकन अभ्यासात मुलांची ताकद मोजली होती. दोन्ही तर्जन्या लावून १० पौंड, म्हणजे साडेचार किलोंचा चाप तीन-चार वर्षांच्या २५ टक्के, पाच-सहा वर्षांच्या ७० टक्के आणि सात-आठ वर्षांच्या ९० टक्के मुलांना ओढता आला असता. साडेचार किलोंचा चाप जड समजला जातो. दुनळीचा सहसा त्याहून हलका असतो.

तेव्हा उंची नाही, कुलूप. दुनळीला तर फुकटातला उपायही आहे: नळीखालची लाकडी मूठ काढली की नळी दस्त्यापासून सुटते. नळ्या एका कुलपात, दस्ता आणि मूठ दुसऱ्या कुलपात, काडतुसं तिसऱ्यात. तीन जागा जमवल्याशिवाय बंदूक बनतच नाही. लोखंडी पेटी असेल तर ती भिंतीला आणि जमिनीला आतून बोल्टने जखडलेली हवी, नाहीतर चोर पेटीसकट उचलतो. केबलचं कुलूप मोडलेल्या बंदुकीच्या नळीतून ओवायचं, म्हणजे नळी बंदच होत नाही. चापावर बसणारं कुलूप भरलेल्या बंदुकीला कधीही लावू नये, बसवतानाच चाप दाबला जाऊ शकतो.

आणि किल्ली! ती देव्हाऱ्यामागे, फोटोच्या चौकटीवर किंवा साड्यांच्या घडीत असते, आणि घरातल्या प्रत्येक पोराला ती जागा ठाऊक असते. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर हवी. आकड्यांचं कुलूप असेल तर पोराची जन्मतारीख टाकू नका. त्याला पाठ असलेला तोच पहिला आकडा.

‘कुलपात गंजते’ अशी तक्रार येते. गंजते ती कुलपाने नाही, कापडी किंवा रेक्झिनच्या खोळीने, कारण खोळ ओल धरून ठेवते. खोळ काढा, पेटीत सिलिका जेलची पाकिटं ठेवा, पावसाळ्यात पंधरवड्याने तेलाचा हात फिरवा. काडतुसांना मात्र तेल लावायचं नाही, ते आत झिरपून बार फुसका जातो.

‘दाखवा, हातात द्या, कुतूहल मरतं’

हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, म्हणून जास्त पटतं. अटलांटामध्ये आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांच्या २९ लहान गटांना एका खोलीत खेळायला सोडलं होतं. ड्रॉवरमध्ये खरं, पण निकामी केलेलं पिस्तूल लपवलं होतं. २००१ साली निष्कर्ष छापून आले: २१ गटांना ते सापडलं, १६ गटांनी हाताळलं, १० गटांत कुणीतरी चाप ओढला. हाताळणाऱ्या किंवा चाप ओढणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांना आधी बंदुकीच्या सुरक्षिततेचे धडे मिळालेले होते. चार-पाच वर्षांच्या मुलांवरच्या २००४च्या प्रयोगात, नियम घडाघडा म्हणून दाखवणारी मुलं समोर बंदूक दिसल्यावर तशी वागली नाहीत.

मुलाला सांगूच नका असं नाही. ‘दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला सांगायचं’ एवढं जरूर शिकवा. पण ते कुलपाला जोड म्हणून, कुलपाऐवजी नव्हे. आणि दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल हातात धरणाऱ्या पोराला घरातलं खरं आणि खोटं वेगळं कळेल, या भरवशावर राहू नका. तीच गोष्ट छर्ऱ्याच्या एअरगनची. लहान ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही म्हणून ती खेळण्यात गणली जाते. डोळा तिनेही जातो.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ९नुसार २१ वर्षांखालच्या व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. नेमबाजीच्या प्रशिक्षणापुरती सूट आहे, ओटीवरच्या हौसेसाठी नाही. २०१६च्या नियमांप्रमाणे परवाना मागतानाच सुरक्षित साठवणुकीची लेखी हमी द्यावी लागते. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. घरात नीट सोय नसेल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे फी भरून बंदूक ठेवता येते, हे अनेकांना माहीतच नसतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते आणि नंतर घरी परत येते, त्या दिवशी ती ‘तात्पुरती’ कुठेतरी टेकवली जाते. तिला पहिल्या तासातच कुलपात घाला.

‘बापजाद्यांच्या घरात खुंटीला होत्या’

होत्या. ज्या घरात बार उडाला त्या घरात पुढे त्याची गोष्ट कुणी सांगत नाही, एवढाच त्या ‘कुणाला काय झालं’चा अर्थ. पण जुन्या घरातली एक रीत मात्र चालू ठेवण्याजोगी आहे, ती दसऱ्याच्या शस्त्रपूजेची, थोड्या दुरुस्तीने. बंदूक आदल्या रात्री कुलपातून काढून पाटावर मांडून ठेवू नका, पूजेच्या वेळीच काढा. पाटावर ती मोडलेली ठेवा, नळीची मागची बाजू सगळ्यांना दिसेल अशी. शेजारच्या ताम्हनात काडतुसं मांडायची पद्धत बंद करा, तिथे झेंडूची दोन फुलं जास्त ठेवली तर काही बिघडत नाही. हवेत बार काढायचा नाही, २०१९च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे केलेल्या हर्षगोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि आरती झाली की प्रसाद वाटायच्या आधी हळदकुंकू पुसून, तेलाचा हात फिरवून बंदूक पेटीत. हळदकुंकवाच्या ओलसर पुडीखाली लोखंड फार लवकर गंज धरतं.