आधी पास, मग शर्यत

मोटार शर्यतींचे फोटो काढायचे मनात आहे? उत्तम. कॅमेरा, लांब लेन्स, ताशी 300 किलोमीटरने जाणारी गाडी चौकटीत पकडायचा सराव वगैरे किरकोळ गोष्टी सवडीने बघू. ट्रॅकच्या कडेला उभे राहायला पत्रकारांचा पास, म्हणजे अधिस्वीकृती लागते, आणि त्यासाठी आधी लेटरहेड मिळवा. त्यावर संपादकांची सही, शिक्का आणि 'आमचे प्रतिनिधी म्हणून यांना पाठवत आहोत' एवढा मजकूर हवा. स्वतःच्या वेबसाइटचे संपादक तुम्हीच असाल, तर सही जरा वेगळ्या वळणाची करा.

मग कात्रणे. तुमच्या नावानिशी छापलेली, तीही शर्यतींचीच. कात्रणे नसतील तर पास नाही आणि पास नसेल तर कात्रणे कुठून येणार, असले प्रश्न विचारू नका. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, हे ज्याला पटले त्याला अधिस्वीकृतीचे सगळे नियम आपोआप पटतात. तोवर तिकीट काढून स्टँडमधून फोटो काढा. गाडी धूसर येईल, पण पुढची जाळी सुरेख येईल. त्या जाळीला लेन्सपुरती भोकेही ठेवलेली असतात, फक्त ती पासवाल्यांच्या जागी.

झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराचे नाव मात्र तोंडातूनही काढू नका. 1910 च्या दशकाच्या सुरुवातीला या पोराने फ्रेंच ग्रां प्रीच्या रस्त्याकडेला उभे राहून कॅमेरा फिरवला. गाडीचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले, मागची माणसे उलट्या बाजूला कलंडली आणि गाडी अर्धी चौकटीबाहेर गेली. वेगाचे इतके बोलके चित्र क्वचितच कुणी टिपले असेल. पण त्याच्याकडे लेटरहेड होते का?

फॉर्म्युला वनचा हंगामभराचा कायम पास हवा असेल तर एफआयएकडे, म्हणजे मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे, अर्ज करा. सोपे आहे, बहुतेक शर्यतींना हजेरी लावायची, बस्स. 2024 मध्ये 24 शर्यती होत्या, पाच खंडांत. विमानाच्या तिकिटांचे पैसे कोण देणार? वा, संपादक आहेत की! अर्जाची मुदत शर्यतीच्या कित्येक आठवडे आधी संपते आणि तुम्हाला पाठवायचे की नाही हे ते आदल्या आठवड्यात ठरवतात, एवढीच काय ती अडचण.

चुकून पास मिळालाच, तर हमीपत्रावर सही करा. वाचत बसू नका. तुम्हाला काही झाले तर जबाबदार तुम्हीच, एवढाच त्याचा सारांश. 2013 च्या जर्मन ग्रां प्रीत मार्क वेबर या चालकाच्या गाडीचे नीट न बसलेले मागचे चाक पिट लेनमध्ये (गाड्या चाके बदलायला थांबतात त्या गल्लीत) सुटले आणि एका टीव्ही कॅमेरामनवर आदळले. त्याच्या बरगड्या मोडल्या. त्यानंतर पात्रता फेरी आणि शर्यत चालू असताना पत्रकार-छायाचित्रकारांना पिट लेन बंद झाली. चाक घट्ट बसवायचे काम त्यांच्याकडे नव्हते, पण बाहेर काढायला तेच सोयीचे पडले. (सुरक्षा हवीच, त्यात थट्टा नाही. पिट लेनची वेगमर्यादाही तेव्हा ताशी 100 वरून 80 वर आली, हे बरेच झाले.)

आता नंबर घातलेले जॅकेट चढवा. ते अंगावर नसेल तर ट्रॅकच्या कडेला तुम्ही घुसखोर. छायाचित्रकारांची बैठक चुकवलीत तर जॅकेटही गेले. मोबाइल खिशातच राहू द्या, कारण हलत्या चित्रांचे हक्क दुसऱ्यांनी विकत घेतलेले असतात. तुमचे काम धावती गाडी स्थिर दाखवण्याचे. शर्यतीआधी ग्रिडवर, म्हणजे गाड्या सुरुवातीला रांगेत उभ्या असतात तिथे, एखादा पाहुणा नट मोबाइल उंचावून गाडीभोवती चक्कर मारताना दिसेल. त्याला बाजूला व्हायला सांगू नका. त्याच्याकडे कुणी कात्रणे मागितलेली नाहीत, म्हणजे माणूस नक्कीच मोठा असणार.

घरी आल्यावर छापून आलेले फोटो आयोजकांना पाठवायचे असतात. पाठवा, आणि प्रती जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या अर्जाला त्याच पुन्हा जोडाव्या लागतील, नव्या लेटरहेडसह.