अँबरग्रीस म्हणजे व्हेलची उलटी नव्हे, आणि तो सापडणे म्हणजे घबाडही नव्हे

“अँबरग्रीस म्हणजे व्हेल माशाची उलटी. नावातील ग्रीस म्हणजे चरबी, त्यामुळे किनाऱ्यावर मेणचट गोळा दिसला की तापलेली सुई टोचून पाहा. तो वितळला तर अस्सल. ज्याला सापडला तोच मालक, खुशाल विका.” हा संदेश गेले कित्येक दिवस फिरतो आहे. परवा तो माझ्या मावसभावाने मला पाठवला आणि खाली विचारले, “गोळा सापडला आहे, गिऱ्हाईक कुठे मिळेल?” त्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

नावाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. अरबी ‘अंबर’ हा शब्द मुळात याच सुगंधी पदार्थाचा. तो युरोपात गेल्यावर झाडाच्या अश्मीभूत राळेलाही चिकटला, आणि घोटाळा टाळण्यासाठी फ्रेंचांनी या पदार्थाला ‘करडा अंबर’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यातील ‘ग्रीस’ म्हणजे करडा रंग. वंगणाशी किंवा चरबीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. खुद्द इंग्रजांनीही एके काळी हे नाव वंगणवाचक शब्दासारखे लिहिले होते, म्हणजे चूक जुनी आहे. पण जुनी झाल्याने ती खरी ठरत नाही. आजच्या इंग्रजीत नुसते अँबर म्हटले की राळ, आणि अँबरग्रीस म्हटले की स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा हा पदार्थ.

उलटीचा दावा मात्र वर्तमानपत्रांनीही बिनदिक्कत उचलला आहे. व्हेल हा मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे, हे एक वेळ सोडून देऊ. स्पर्म व्हेल हा माकूळ (म्हणजे स्क्विड) आणि त्याच्या जातीचे प्राणी खातो. त्यांच्या कठीण चोची पचत नाहीत आणि व्हेल त्या बहुतेक वेळा खरोखरच ओकून टाकतो. दाव्यात तथ्याचा अंश असेल तर एवढाच. पण त्या ओकारीतून अँबरग्रीस होत नाही. क्वचित एखाद्या व्हेलच्या काही चोची पुढे आतड्यात सरकतात, तिथे टोचत राहतात, त्यांच्याभोवती मळाचे व स्रावांचे थर बसतात आणि शेवटी गुदाशयाजवळ घट्ट गोळा तयार होतो. स्पर्म व्हेलचे अभ्यासक रॉबर्ट क्लार्क यांनी २००६ मधील आपल्या लेखात हीच उपपत्ती सविस्तर मांडली असून त्यांच्या अंदाजाप्रमाणे शंभरात जेमतेम एका व्हेलमध्ये असे घडते. ताजा गोळा काळा, मऊ आणि शेणासारख्या वासाचा असतो. वर्षानुवर्षे खारे पाणी व ऊन खाल्ल्यावरच तो करडा, हलका आणि सुगंधी होतो. फोडून पाहिल्यास आत चोचींचे काळे, चकचकीत तुकडे अनेकदा दिसतात. उलटीत असा थरावर थर कुठून येणार?

सुईच्या परीक्षेबद्दल एवढे मान्य करतो की अस्सल अँबरग्रीस उष्णतेने वितळतो. पण पॅराफिन मेणही वितळते, आणि जहाजांतून समुद्रात सांडून गोठलेले पामतेलही वितळते. ही परीक्षा फार तर दगड बाजूला काढील. खात्री हवी असेल तर रासायनिक पृथक्करण किंवा डीएनए तपासणी लागते.

सर्वांत घातक वाक्य शेवटचे आहे. भारतात स्पर्म व्हेलला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि अँबरग्रीसची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. अमेरिका व ऑस्ट्रेलियातही हा व्यापार निषिद्ध आहे. “मी व्हेलला हात लावला नाही, वाळूत पडलेले उचलले” हा बचाव विकणाऱ्याला तारत नाही. या व्यवहारांत अटक झाल्याच्या बातम्या सतत येतात आणि पुष्कळदा पकडलेला माल तपासणीत खोटाच निघतो. म्हणून मावसभावाला मी एवढेच कळवले आहे: गिऱ्हाईक शोधू नकोस, गोळ्याची छायाचित्रे कुठेही टाकू नकोस आणि उद्याच वनखात्याच्या कार्यालयात लेखी माहिती दे.